चिलारवाडीचा शब्द

“नुसता नंबर सांगा मेजर, बाकीचं मी बघतो,” मुलाणी सर म्हणाले आणि पेनाचं टोपण काढून डावा तळहात पुढे करून बसले. कागद शोधण्याइतकाही धीर त्यांना उरला नव्हता.

अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, सावकाश चावून खाल्ला. मग म्हणाले, “आठवत न्हाई.”

माझ्या हातातलं पीठ हातातच राहिलं. मुलाणी सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. सैन्यात राहिलेल्या माणसाला आपला नंबर आठवत नाही, हे आमच्या गावात तरी कुणाला पटण्यासारखं नव्हतं. अण्णांच्या हाताखालून भरती झालेली पोरं सुट्टीवर आली की आमच्याच ओट्यावर बसत. त्यांतलं कुठलंही पोरगं गाढ झोपेतून उठवलं असतं, तरी त्यानं आपला नंबर घडाघडा म्हणून दाखवला असता.

“आठवत नाही म्हणजे काय अण्णा?” मी विचारलं.

“म्हंजी आठवत न्हाई. आमटीत मीठ कमी हाय, शालन.”

मीठ बरोबर होतं.

हे सगळं नगराध्यक्षपदाच्या निवडणुकीतलं. अण्णा अपक्ष उभे होते, चिन्ह शिट्टी. ते मिळालं तेव्हा मुलाणी सरांनी पेढे वाटले होते, कारण गावात शिट्टी म्हटलं की अण्णाच. वर्षानुवर्षं पहाटे मैदानावर त्यांची शिट्टी वाजत आली होती. तालुक्यातली पोरं त्यांच्याकडे सैन्यभरतीच्या तयारीला येत. अण्णा त्यांना पळवत, दोरावर चढवत, खड्ड्यांवरून उड्या मारायला लावत, आणि एखादा रडकुंडीला आला की त्याच्या पाठीवर हात ठेवून स्वतः त्याच्याबरोबर पळत. किती पोरं भरती झाली त्याची मोजदाद नाही. गावानं त्यांना ‘मेजर’ करून टाकलं. आमच्याकडे सैन्यातून आलेला माणूस स्वयंपाकी असो की शिपाई, तो मेजरच असतो. पद कुणी विचारत नाही.

ते बागल शेठनी विचारलं. अण्णांच्या विरोधात ते उभे होते, आणि त्यांच्या माणसांनी भर चौकात फलक लावला: ‘मेजरसाहेब, पलटण कुठली?’ खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की माहितीच्या अधिकारात विचारणा केली असता माजी सैनिकांच्या नोंदीत हे नाव सापडत नाही असं उत्तर आलं आहे. बघता बघता गावाचा सूर फिरला. रोजची भाजीवालीसुद्धा मला म्हणाली, “ताई, मेजर खरं मेजर हायत न्हवं?” मी तिला फाडकन बोलले, आणि घरी येईपर्यंत तोच प्रश्न मी स्वतःला विचारत होते.

कारण मी आठवून आठवून थकले, तरी ‘मी सैन्यात होतो’ हे वाक्य अण्णांच्या तोंडून कधी ऐकल्याचं मला आठवेना. लोक म्हणायचे, अण्णा गप्प बसायचे. स्वातंत्र्यदिनाला माजी सैनिकांचा सत्कार असायचा, तेव्हा अण्णा मागे पोरांच्या घोळक्यात उभे. पेन्शन नाही, पदक नाही, एक फोटो नाही. आणि तरी त्यांच्या अंथरुणाच्या घडीला सुरकुती नसायची, झोपेतून दचकून उठले की ते हिंदीत काहीतरी ओरडायचे. आई होती तेव्हा ती त्यांना पाणी द्यायची आणि आम्हाला झोपा म्हणायची. तिनंही कधी काही सांगितलं नाही. माझा बाप खोटारडा आहे की काय, हा प्रश्न तिशी ओलांडल्यावर पडणं फार वाईट. लहानपणी पडला असता तर रडून मोकळी झाले असते.

मुलाणी सर माझ्याच शाळेत गणित शिकवायचे आणि अण्णांच्या प्रचाराचा सगळा भार त्यांच्याच खांद्यावर होता. त्यांना प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं असं वाटायचं. अण्णा हात धुवायला गेले तसे ते मला हळूच म्हणाले, “कागद नसू दे. माणसं तर आहेत? मेजर चिलारवाडीचे ना? चार म्हाताऱ्यांनी कॅमेऱ्यापुढे सांगितलं, की आमचा हरिबा पलटणीत होता, की झालं.”

अण्णांच्या कानावर ते गेलंच. दारातूनच ते म्हणाले, “चिलारवाडीला जायाचं न्हाई.”

“का पण मेजर?”

“न्हाई म्हणलं न्हवं!” अण्णा घरात आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढवला, आणि शिट्टी गळ्यात अडकवून ऐन उन्हात मैदानावर निघून गेले. तिथं त्या वेळी एक पोरगं नव्हतं.

आम्ही अर्थातच गेलो.

चिलारवाडी आमच्यापासून काही फार लांब नाही, पण मी तिथं कधी गेले नव्हते. आपलं आता तिथं कुणी न्हाई, असं अण्णा म्हणायचे. मी, मुलाणी सर आणि केबलच्या वाहिनीचा निकम, असे तिघं मुलाणी सरांच्या गाडीतून गेलो. निकम तरुण होता, चुणचुणीत होता, आणि बातमी कुणाच्या बाजूची आहे याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. माळरान, बोराटीची झुडपं, मेंढरांचे वाडे, आणि मधोमध बिरोबाचं देऊळ. देवळापुढच्या कट्ट्यावर म्हातारी माणसं बसली होती. मी हरिबा कोळेकरांची मुलगी, एवढं म्हणायचा अवकाश, सगळा कट्टा उठून उभा राहिला.

“हरिबाची लेक? आगं, हिकडं ये, उजेडात ये!” दाजीबा म्हणून एक उंचेपुरे म्हातारे होते, त्यांनी माझा चेहरा हनुवटीला धरून वर केला. “नाक बगा, नाक! आज्याचंच नाक, येसूतात्याचं.”

चहा आला, शेंगा आल्या. कुणी विचारलं, गुडघं दुखत्यात का त्याचं? कुणी सांगितलं, आमचा नातू त्याच्याच हाताखाली पळतो. देवळाच्या पायरीवर एक अगदी वाळलेली म्हातारी बसली होती. तिनं एवढंच विचारलं, “त्याला थंडी अजून सोसत न्हाई का गं?” मी नाही म्हटलं. तिनं मान हलवली. बाकीचे तिला हौसाई म्हणत होते आणि तिच्यासमोर जरा बेतानं बोलत होते.

मुलाणी सरांनी निकमला खूण केली. कॅमेरा सुरू झाला. सर मोठ्या गोड आवाजात म्हणाले, “दाजीबा, आता जरा लोकांना सांगा. हरिबा कोळेकर सैन्यात होते, नाही का?”

शेंगा फोडायचा आवाज थांबला. दाजीबांनी एकदा देवळाकडे पाहिलं.

“न्हाई,” ते म्हणाले.

“म्हणजे... पूर्वी. तरुणपणी.”

“न्हाई बा. त्यो कधी पलटणीत गेलाच न्हाई.”

“अहो, नीट आठवा!”

“आठवायचं काय त्यात? तवा ह्या वाडीतनं कुणीच गेलं न्हवतं.”

सर दुसऱ्याकडे वळले. तो म्हणाला, हरिबा तवा मुंबईत गिरणीत होता. तिसरा म्हणाला, न्हाई न्हाई, मेंढरं घिऊन कर्नाटकात गेलता. चौथ्यानं त्याला गुऱ्हाळावर गुळव्या केलं. एक आजीबाई तर म्हणाल्या, हरिबा कुठं गेलाच न्हवता, हितंच व्हता, माझ्या डोळ्यापुढं. या सगळ्यांचं एकमेकांत एका गोष्टीवर एकमत नव्हतं, फक्त तो सैन्यात नव्हता यावर मात्र सगळे छातीठोक. आणि हे सांगताना प्रत्येकाची नजर माझ्यावर इतकी मायेची, की मला रडू यावं की राग, ते कळेना. ही माणसं माझ्या बापावर जीव टाकत होती आणि त्याच दमात त्याचा गळा कापत होती.

निकमनं सगळं टिपून घेतलं. परत येताना तो पुढच्या सीटवर बसून शीळ घालत होता. मुलाणी सर एकदाच बोलले, “शालनताई, माझं चुकलं.”

संध्याकाळी बातम्यांत ते लागलं. मी टीव्ही बंद करायला उठले तर अण्णा म्हणाले, “असू दे.” मी, अण्णा आणि मुलाणी सर, तिघं बघत बसलो. दाजीबा आले, गिरणीवाले आले, कर्नाटकवाले, गुऱ्हाळवाले. प्रत्येक म्हातारं पडद्यावर येऊन ‘न्हाई’ म्हणत होतं. मी अण्णांकडे बघायला घाबरत होते. शेवटी बघितलं. त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं आणि चेहऱ्यावर हसू होतं.

“अजून पाळत्यात,” ते म्हणाले. “आयला. अजून पाळत्यात.”

“काय पाळतात?” मी जवळजवळ किंचाळलेच. “अण्णा, तुम्ही सैन्यात होता की नव्हता? मला आत्ता सांगा. मतांचं राहू दे, मला सांगा!”

“व्हतो,” अण्णा म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. तो फार वेळ तिथं राहिला नाही.

“मी आन् मायाप्पा, दोघं संगं भरती झालो. हौसाईचा मायाप्पा. एकाच ताटात जेवायचो, एकाच पलटणीत लागलो. वर, बर्फात. एक दिवस पहाऱ्याची पाळी माझी व्हती. मला ताप व्हता, म्हणून त्यो गेला. वरनं बर्फाचा कडा कोसळला. चौघं गेलं.” टीव्हीवर साबणाची जाहिरात चालू होती. “त्याची रक्षा आन् ट्रंक घिऊन मलाच धाडलं गावाकडं. हौसाईच्या पुढ्यात ठिवलं. रजा संपली. फाट्यावर गेलो, एष्टी आली. दारात पाय ठिवला, आन् वर घिता येईना. एष्टी गेली. दुसऱ्या दिशी परत गेलो. तवाबी तेच.”

“तापामुळं?” मुलाणी सर हळूच म्हणाले. “तब्येत बरी नव्हती?”

“तब्येत ठणठणीत व्हती सर. भ्या वाटत व्हतं. दुसरं काय न्हाई. भ्या.”

हा शब्द मी अण्णांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. मला त्यांची लाज वाटली आणि लाज वाटल्याची लाज वाटली. पोरांना ‘भिऊ नकोस’ म्हणत त्यांच्याबरोबर पळणारा तो हा माणूस.

मग पलटणीचा माणूस पोलिसांना घेऊन शोधायला येणार अशी कुणकुण लागली. अण्णा हौसाईच्या माळ्यावर कडब्यात लपले होते. मुलगा गेल्याला महिना झाला नसेल, अशा त्या बाईनं सगळी वाडी बिरोबापुढे बोलावली आणि एकेकाला भंडारा उचलायला लावला. देवापुढची हळद मुठीत घेऊन शब्द द्यायचा. तो शब्द मरेपर्यंत पाळायचा, आणि ज्यानं भंडारा उचलायला लावला त्यानंच तो उतरवायचा, ही आमच्याकडची रीत.

“पण ‘आला नाही’ म्हणायचं ना!” मुलाणी सरांचं गणित अडलं होतं. “गेलाच नव्हता, हे काय?”

“म्हातारी म्हणली, आला न्हाई म्हणलं तर परत परत येत्याल. ह्या वाडीतनं कुणी गेलंच न्हाई म्हणायचं. खालच्या अंगाला दुसरी चिलारवाडी हाय, तिकडची पोरं असतील म्हणायचं. पोलीस दोनदा आलं. वाडीतलं शेंबडं पोरगंबी हेच सांगायचं. गेलं बिचारं तिकडच्या चिलारवाडीला. तिथं कोण गावणार?” अण्णा उपरण्यानं तोंड पुसत म्हणाले. “मग मी हिकडं आलो. परत कुणाला तोंड दावलं न्हाई. पोरं आली, म्हणली, भरतीचं शिकवा. म्हणलं, माझ्या हातून एवढं तरी व्हावं. मेजर मी न्हाई म्हणवलं. पर न्हाई बी न्हाई म्हणलं.”

मुलाणी सरांनी रात्रीचं जेवण टाळलं, पण उपाय टाळला नाही. ते म्हणाले, उद्या सांगता सभा आहे. मेजर, तुम्ही म्हणा की रेकॉर्ड जळालं. जुनं रेकॉर्ड जळतच असतं, लोक विश्वास ठेवतील. खरं सांगितलंत तर संपलंच. तोतया सैनिकाला एक वेळ लोक हसून सोडतील, पळपुट्याला नाही. शिवाय या पोरांचं काय? त्यांचे आईबाप काय म्हणतील?

सगळं बरोबर होतं. मलाही मनातून वाटलं, की जळू दे ते रेकॉर्ड.

“उद्या सकाळी मला चिलारवाडीला न्हे,” अण्णा मला म्हणाले. “माझ्यापायी खोटं बोलून बोलून म्हातारी झाली ती माणसं. म्हातारीला भंडारा उतरवाय सांगतो.”

अण्णा गाडीतून उतरले तेव्हा कट्ट्यावरचं कुणी धावत आलं नाही. सगळे नुसते उभे राहिले. अण्णांनी सगळ्यांना हात जोडले आणि ते देवळाकडे निघाले, तेवढ्यात त्यांची नजर ग्रामपंचायतीपुढच्या काळ्या दगडावर गेली. वाडीतल्या शहीद जवानांची नावं त्यावर कोरली होती. अलीकडच्या काळातली दोनच. अण्णांनी ती वाचली, दगडाच्या मागे जाऊन बघितलं, परत पुढे आले.

“मायाप्पा कुटाय?” त्यांनी विचारलं.

मग ते दाजीबांकडे वळले.

“दाजीबा, मायाप्पाचं नाव कुटाय?”

दाजीबा खाली बघत म्हणाले, “कसं घालायचं हरिबा? ह्या वाडीतनं तवा कुणी गेलंच न्हवतं की.”

मला आधी अर्थ लागला नाही. अण्णांना लागला. त्यांनी दगडाला हात टेकला. लपवायला एकटे हरिबा कोळेकर होते, पण शब्द सगळ्या वाडीनं सगळ्यांचा दिला होता. हरिबा गेला नाही, तर मायाप्पाही गेला नाही. गेला नाही, तर मेलाही नाही. दाजीबांनी सांगितलं, पुढे मायाप्पाच्या पेन्शनचा साहेब आला, तेव्हा हौसाईनं त्यालाही दुसऱ्या चिलारवाडीची वाट दाखवली होती, कारण तो घरात येऊन बसला असता आणि माळ्यावर अण्णा होते. तेव्हापासून मायाप्पाचं नाव वाडीत मोठ्यानं कुणी घेतलं नव्हतं. अण्णांनाही हे ठाऊक नव्हतं. ते तर वाडी सोडून गेले ते गेलेच.

हौसाई कालच्याच पायरीवर बसली होती. अण्णा तिच्या पायाशी बसले. साठी ओलांडलेला माणूस तिच्यापुढे एकदम लहान दिसायला लागला.

“आये, भंडारा उतरव.”

“न्हाई.”

“आगं, मायाप्पाचं नाव बुडालं माझ्यापायी. दगडावर त्याचं नाव न्हाई. मला म्हाईत न्हवतं गं.”

“मला व्हतं,” हौसाई म्हणाली. “माझ्या ध्येनात हाय त्यो. दगडाला काय करायचंय?”

“लोकांस्नी कळाय पायजे.”

“आन् तू? तुला काय म्हणत्याल? आन् ही तुझी लेक? हिला काय म्हणत्याल? भेकडाची लेक?” तिनं माझ्याकडे बोट केलं. मला वाटलं ती अण्णांवर चिडली आहे, पण तिचा हात अण्णांच्या डोक्यावर होता. “एक गेला माझा. दुसऱ्याला हातानं खड्ड्यात लोटू व्हय? म्या लावलाय भंडारा, म्या न्हाई उतरवणार. मरताना बी न्हाई. जा.”

अण्णा उठले, पायरी उतरले, आणि मागे वळून म्हणाले, “आये, सगळ्या वाडीनं भंडारा उचलला. मी कुटं उचललाता? मी माळ्यावर व्हतो.”

आम्ही निघालो तेव्हा हौसाई दाजीबांना हाका मारत होती.

सभा बाजार चौकात होती, बागल शेठच्या त्या फलकासमोरच. एवढी गर्दी अण्णांच्या सभेला कधी झाली नव्हती. तमाशा बघायला आलेलेच निम्मे. पुढच्या रांगांत मैदानावरची पोरं पांढरे बनियन घालून ताठ बसली होती. मुलाणी सर शेवटच्या क्षणापर्यंत अण्णांच्या कानाशी लागून ‘जळालं म्हणा, जळालं’ करत होते. मी व्यासपीठाच्या कडेला उभी होते. एकीकडे वाटत होतं, अण्णांनी खरं बोलावं. दुसरीकडे वाटत होतं, वीज जावी, पाऊस यावा, काहीही व्हावं आणि त्यांना बोलताच येऊ नये.

वीज गेली नाही.

“मी सैन्यात व्हतो,” अण्णा माइकवर म्हणाले. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. अण्णांनी हात वर केला. “थांबा. व्हतो, आन् पळून आलो. रजेवर आलो त्यो परत गेलो न्हाई. भ्यालो. माझा नंबर माझ्या ध्येनात हाय, पर त्यो सांगायची माझी लायकी न्हाई. माझ्यासंगं माझ्या वाडीचा मायाप्पा व्हता. त्याची पाळी नसताना त्यो माझ्या जागी उभा ऱ्हायला आन् बर्फात गेला. त्याचं नाव कुटंच न्हाई, माझ्यापायी. तुमी मला मेजर म्हणता. मला ते म्हणू नका. मत द्या, न्हाईतर देऊ नका.”

चौकात काय करावं हे कुणालाच सुचेना. कुणीतरी टाळी वाजवायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला. मागून कुणी ‘भगोडा’ म्हणून ओरडलं, दुसऱ्या कुणी ‘खरं तरी बोलला’ म्हणून. बागल शेठची माणसंही गोंधळली होती. तो सैनिक नव्हता हे सिद्ध करायला ती आली होती, आणि तो तर होता म्हणत होता. पोरांच्या रांगेत एक जण रडत होता, एक उठून चालता झाला, बाकीची तशीच बसून.

तेवढ्यात गर्दीच्या कडेला मेंढरं न्यायचा टेम्पो येऊन थांबला आणि त्यातून चिलारवाडी उतरली. दाजीबा पुढे, आणि त्यांचा हात धरून हौसाई. निकमला वेळ कळायची. तो कॅमेरा घेऊन गर्दी कापत तिच्याकडे धावला, सभेचाच दुसरा माइक तिच्या तोंडासमोर धरला, आणि तिचा आवाज सगळ्या चौकात घुमला.

“आजी, मेजर म्हणतात ते सैन्यातून पळून आले. खरं आहे का?”

“खोटं हाय,” हौसाई म्हणाली. “साफ खोटं बोलतोय. त्यो पलटणीत गेलाच न्हवता.”

“गेलाच न्हवता,” दाजीबा म्हणाले. मागून साऱ्या वाडीनं माना डोलावल्या.

लोक खो खो हसायला लागले. माणूस स्वतःच्या तोंडानं सांगतोय की मी पळपुटा आहे, आणि त्याचं गाव शपथेवर सांगतंय की तो नाहीच. मुलाणी सर कपाळाला हात लावून खुर्चीत बसले. मलाही हसू फुटलं.

अण्णा हसले नाहीत. त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला आणि लांबून, गर्दीच्या डोक्यांवरून तिला विचारलं, “आये, मग मायाप्पा कुणासंगं गेलता?”

हशा हळूहळू विरला. हौसाईनं दाजीबांचा हात सोडला. ती इतकी बुटकी होती की मला व्यासपीठावरून फक्त तिचा पदर दिसत होता आणि निकमचा माइक धरलेला हात. दाजीबा तिच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाले, तिनं त्यांना बाजूला सारलं. माझ्या मनात आलं, आता ती खाली कोसळेल.

“माझा मायाप्पा पलटणीत गेलता,” ती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आवाज अजिबात कापला नाही. “बर्फात मेला.”

“आणि हरिबा?” निकमनं विचारलं.

“त्यो न्हवता संगं,” हौसाई म्हणाली. “माझा मायाप्पा एकटाच गेलता.”

अण्णांनी माइक टेबलावर आडवा ठेवला आणि व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून ते तिच्याकडे चालत गेले. लोकांनी वाट करून दिली. ते तिच्यापर्यंत पोचले तेव्हा तिनं त्यांच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, थंडी पडलीया, कानाला काहीतरी बांध. मग दाजीबांच्या आधारानं ती टेम्पोत चढली.